माती अमाप, माणसं मोजकी

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमधल्या बैठकीत युनेस्कोच्या समितीनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत जागा दिली. साल्हेर, शिवनेरी, राजगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग असे ११ महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. त्या रात्री राज्यभर फोन खणखणले, अभिनंदनाचे फलक लागले, समाजमाध्यमांवर भगवे झेंडे फडकले. अभिमान वाटावा अशीच ती बातमी होती.

त्याच आठवड्यात एखाद्या मुलीनं घरी सांगितलं असतं, की मला पुरातत्त्व शिकायचंय, तर मात्र घरातला नूर पालटला असता. ‘छंद म्हणून कर, पण पोटापाण्याचं काय?’ हा प्रश्न तिला ऐकावा लागलाच असता. गडकोटांवर जीव ओवाळून टाकणाऱ्या समाजात गडकोटांचा अभ्यास हा पोट भरण्याचा धंदा मानला जात नाही. यात आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलेलं असतं, आणि जे पाहिलेलं असतं ते खोटं नसतं. खोटा आहे तो त्यातून काढला जाणारा निष्कर्ष, की या क्षेत्रात कामच नाही. काम डोंगराएवढं आहे. ते करणाऱ्याला नेमायची आणि पगार द्यायची व्यवस्था सरकारनं उभी केलेली नाही, एवढाच खरा मामला आहे.

हे काम असतं तरी कसं? उत्खनन चालू असलेल्या कुठल्याही गावात पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो, ‘हंडा सापडला का?’ सोन्याच्या हंड्यासाठी कुणी पुरातत्त्वात येत नाही, आणि आलंच तर कायदा आडवा येतो. १८७८ चा भूमिगत निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. पुरातत्त्वज्ञाचं धन वेगळंच असतं. जळालेले गव्हाचे दाणे, बकरीच्या बरगड्या, चुलीतली राख आणि खापरं. पोतीच्या पोती खापरं.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडे पडले. एक घर इतरांपेक्षा मोठं, पाच खोल्यांचं निघालं आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. गावाला प्रमुख होता आणि धान्याचा साठा त्याच्या हाती होता, हा अंदाज त्यावरून बांधला गेला. पुराचं पाणी वळवून शेताला देण्यासाठी घातलेला बांध आणि पाट सापडला. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुलं सापडली. मोठ्या माणसांना पुरताना घोट्यापासून पाय तोडलेले दिसले. मेलेल्यानं उठून निघून जाऊ नये, म्हणून असेल.

पण इनामगावची खरी कमाई यापेक्षा साधी आहे. वरच्या थरांत, म्हणजे शेवटच्या काळात, चौकोनी ऐसपैस घरं जाऊन त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांचा घाट बिघडला. ढवळीकरांनी याची सांगड पाऊसमान घटण्याशी घातली. शेती पिकेना, तशी माणसं गुरंमेंढरं आणि शिकार यांच्या आधारानं अर्धभटकी झाली. दख्खनच्या दुष्काळाची तीन हजार वर्षांपूर्वीची ही कैफियत एखाद्या पोथीत सापडली नाही. ती सापडली झोपडीच्या खांबांनी जमिनीत सोडलेल्या गोल काळपट डागांत.

असा डाग ओळखणं हेच या धंद्याचं कसब. चौकोनी खड्डा आखून घ्यायचा, कोपऱ्यांत खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि मग माती थराथरानं उतरवायची. फावड्याचं काम लवकर संपतं. पुढे खुरपं, चाकू आणि ब्रश. ओली माती सुकायच्या आत रंगातला फरक टिपायचा असतो, म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हाला फार किंमत. प्रत्येक थराची खापरं वेगळ्या पिशवीत जातात. त्या पिशवीत चिठ्ठी असते, तिच्यावर गावाचं नाव, वर्ष, खड्ड्याचा क्रमांक, थर, खोली. दुपारी ती खापरं धुवायची, उन्हात वाळवायची, रंग आणि पोत पाहून वाटे घालायचे आणि तुकड्या तुकड्यावर बारीक अक्षरात शाईनं खूण करायची. चिठ्ठी हरवली, की पिशवीभर पुरावा कचरा झाला. चुलीजवळची माती पाण्यात ढवळली की जळालेले दाणे तरंगून वर येतात, आणि तीन हजार वर्षांपूर्वी ताटात काय होतं ते कळतं. ते दाणे ओळखायला वनस्पतिशास्त्र लागतं, हाडं ओळखायला प्राणिशास्त्र, राखेचं वय काढायला भौतिकशास्त्र. इनामगावचं खोदकाम १९८३ मध्ये थांबलं. सविस्तर अहवाल १९८८ मध्ये छापून आला. खोदण्यापेक्षा मांडवाखाली आणि टेबलावर बसून करायचं काम जास्त, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही.

वस्तू मिळाली पण थर हरवला तर काय होतं, याचा दाखला दायमाबादला आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या, प्रवरेकाठच्या या गावात १९७४ मध्ये झाडाचं खोड उकरताना एका शेतकऱ्याला धातूच्या चार मूर्ती मिळाल्या. बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं वजन मिळून ६० किलोंहून जास्त. भारतीय प्रागितिहासातला हा थोर कलासंचय आहे, रथावरच्या त्या पुरुषाची ऐट तर बघत राहावी अशी. त्यानंतर दायमाबादला पद्धतशीर उत्खननही झालं. तरीही या मूर्ती नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर अभ्यासकांचं पुरतं एकमत अजून झालेलं नाही, कारण त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्याभोवतीचा थर नोंदवून घेणारं कुणी तिथे नव्हतं. शेतकऱ्याची यात काही चूक नाही. अर्ध्या शतकाचा वाद एका दुपारच्या नोंदीनं टळू शकला असता, एवढंच.

आता त्या मुलीकडे वळू. शिकण्याची सोय महाराष्ट्रात चांगली आहे, किंबहुना देशात ज्या काही मोजक्या ठिकाणी आहे त्यांत महाराष्ट्र पुढे आहे. लंडनहून शिकून आलेले सांकलिया १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात रुजू झाले आणि तिथून पिढ्यानपिढ्या पुरातत्त्वज्ञ घडले. तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला इतिहासाबरोबर विज्ञानाचेही विद्यार्थी येतात. विदर्भातली शिळावर्तुळं अभ्यासायची तर नागपूर विद्यापीठाचा विभाग आहे. मुंबईत साठ्ये महाविद्यालय आहे, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्वतःची संस्था ग्रेटर नोएडात आहे. तिथला दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा विद्यावेतनासह होतो, पण जागा अगदी थोड्या.

अडचण पदवी हातात पडल्यावर सुरू होते. केंद्रात सर्वेक्षण खातं, राज्यात पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, दोन-चार विद्यापीठं, काही वस्तुसंग्रहालयं. संपली यादी. वरच्या जागा लोकसेवा आयोगांकडून भरल्या जातात आणि त्यांच्या जाहिरातींची वाट बघण्यात उमेदवारांची ऐन उमेदीची वर्षं जातात. मधल्या काळात प्रकल्पावर सहा महिने, अकरा महिने, पुन्हा अर्ज. नेट उत्तीर्ण होऊन प्राध्यापक व्हावं, तर हा विषय शिकवणारी महाविद्यालयं बोटांवर मोजण्याइतकी.

याचा अर्थ माणसांची गरज नाही असा घ्यायचा का? २०२२ च्या डिसेंबरमध्ये संसदीय समितीनं देशातल्या संरक्षित स्मारकांचा आढावा मांडला. केंद्राच्या यादीत सुमारे ३,७०० स्मारकं आहेत, आणि त्यांतली ५० जागेवर सापडत नाहीत असं त्यात नमूद आहे. काही शहरांच्या वाढीत गेली, काही धरणाच्या पाण्याखाली गेली, काहींचा पत्ताच लागेना. सात हजार पहारेकऱ्यांची गरज असताना निधीअभावी २४८ ठिकाणी मिळून २,५७८ जणच नेमता आले, हेही त्याच अहवालात आहे. त्याआधी २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी बेपत्ता स्मारकांचा आकडा ९२ सांगितला होता. हे झालं यादीत असलेल्यांचं. गावोगावची पांढरीची टेकाडं, ओढ्याकाठच्या वीरगळी, शेताच्या बांधावर पडलेले शिलालेख यांतलं बहुतेक कुठल्याच यादीत नाही.

मग हे काम करतं कोण? हौशी माणसं. कोकणातल्या कातळशिल्पांचं उदाहरण ताजं आहे. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, पायपीट करून, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत विचारत ही शिल्पं उजेडात आणली. रिसबूड मुळात इंजिनीअर. कशेळीच्या कातळावर कोरलेला प्रचंड हत्ती, आणि त्याच्या पोटात कोरलेले कितीतरी प्राणी आणि मासे, आज अभ्यासकांना माहीत आहेत ते या धडपडीमुळे. उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, रुंढेतळी, बारसू, कुडोपी ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आणि त्यांच्या जोडीला गोव्यातल्या कुशावतीकाठचं फणसईमळही. जांभा दगडाच्या खाणी, रस्ते, प्रकल्प यांच्या तोंडाशी ही शिल्पं असताना ती शोधण्याचं आणि राखण्याचं काम सुरू केलं ते नोकरी-व्यवसाय सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खिशातल्या पेट्रोलवर. मराठवाड्यात तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात मिळणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू आयुष्यभर जमवल्या, आणि त्यातूनच आज तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे.

या माणसांचं ऋण मोठं आहे. पण त्यांचा सत्कार करून हात झटकणं सरकारला फार सोयीचं पडतं. शाल, श्रीफळ आणि ‘वेडी माणसं इतिहास घडवतात’ छापाचं भाषण उरकलं, की पद निर्माण करायची निकड उरत नाही. दवाखाना हौशी लोकांच्या भरवशावर चालवा, असं आरोग्यमंत्री कधी म्हणणार नाहीत.

ही कोंडी जगात इतरत्र फुटली ती एका साध्या नियमानं. १९८९ मध्ये लंडनमध्ये कार्यालयाची इमारत बांधताना शेक्सपिअरच्या काळातल्या ‘रोझ’ नाट्यगृहाचा पाया सापडला. नटनट्या रस्त्यावर उतरल्या, गदारोळ झाला, आणि १९९० मध्ये इंग्लंडमध्ये नियोजनाचं नवं धोरण आलं. जमिनीत पुरावशेष असण्याची शक्यता असेल, तर बांधकामाआधी तपासणी व्हावी आणि खर्च बांधणाऱ्यानं सोसावा, असा त्याचा गाभा. तिथल्या पुरातत्त्वज्ञांपैकी बहुतेकांचा रोजगार आज याच कामातून येतो. लंडन ते बर्मिंगहॅम या अतिवेगवान रेल्वेमार्गासाठी हजाराहून अधिक पुरातत्त्वज्ञ राबले. यूस्टन स्थानकाजवळच्या जुन्या दफनभूमीत, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा काढणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सची शवपेटी २०१९ मध्ये सापडली ती याच कामात, तिच्यावरच्या शिशाच्या पट्टीवरून. फ्रान्सनं २००१ मध्ये असाच कायदा केला आणि त्यासाठी राष्ट्रीय संस्थाच उभारली.

तिथेही सगळं गोड नाही. इंग्लंडमधले खोदकाम करणारे कमी पगार आणि छोटे करार यांबद्दल कुरकुरत असतात, आणि कंपन्यांनी घाईत लिहिलेले ढीगभर अहवाल कुणी उघडून पाहत नाही. पण कुरकुर करायला तिथे आधी नोकरी असते.

भारतात कायद्याची मजल संरक्षित स्मारकाच्या कुंपणापासून थोडी पुढे जाते. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापलीकडे आणखी २०० मीटर परवानगीचं क्षेत्र. त्याच्या बाहेर यंत्र लागलं, की खाली काय आहे हे आधी पाहून घेण्याची सक्ती नाही. महामार्गासाठी झाडं मोजली जातात, भूसंपादनासाठी विहिरी मोजल्या जातात. पांढरीचं टेकाड मात्र भरावाची फुकट माती म्हणून डंपरमध्ये जातं. एकेकाळी गावकरी घरं लिंपायला आणि शेतात टाकायला ती माती बैलगाडीनं नेत, टेकाड झिजायला पिढ्या लागत. आता दोन दिवस पुरतात.

असा नियम परक्या देशांनाच परवडतो, हे म्हणणंही टिकत नाही, कारण आपण ते एकदा करून दाखवलं आहे. कृष्णेवर नागार्जुनसागर धरण बांधायचं ठरलं, तेव्हा इक्ष्वाकू राजांची राजधानी पाण्याखाली जाणार होती. १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात अखंड उत्खनन झालं. स्तूप, विहार, घाट, रंगमंडल यांची नोंद झाली, आणि निवडक वास्तू आज बेट झालेल्या टेकडीवर पुन्हा रचल्या गेल्या. देश नवा होता, तिजोरीत खडखडाट होता, धान्य बाहेरून आणावं लागत होतं. तरीही धरण झालं आणि उत्खननही झालं.

‘म्हणजे प्रकल्प आणखी रखडणार’, ही त्यावरची नेहमीची तक्रार. ती उडवून लावण्यासारखी नाही. जमीनमालकाला, ठेकेदाराला, गावाला पुरातत्त्व खात्याचं नाव काढलं की धास्ती वाटते, कारण आज हे खातं येतं ते काम सुरू झाल्यावर, नोटीस घेऊन. प्रकल्पाची रेषा कागदावर असतानाच दोन-तीन प्रशिक्षित माणसं महिनाभर त्या रेषेवरून चालली, उपग्रहाची छायाचित्रं आणि जुने गावनकाशे त्यांनी ताडून पाहिले, तर रेषा थोडी सरकवता येते किंवा खोदकामाला मुदत ठरवून देता येते. बारसूला तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद २०२३ मध्ये पेटला, तेव्हा कातळशिल्पांचा मुद्दाही ऐरणीवर आला. जागा निवडण्याआधीच त्या सड्याची अधिकृत नोंद झाली असती, तर निदान त्या एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंना एकाच नकाशावर बोलता आलं असतं.

कामाला जोडून पगार आला, की या विषयाचं आणखी एक दुखणं कमी होईल. आज उत्खननाची बातमी होते ती बहुधा कुणाला तरी पुरावा हवा असतो म्हणून. कुणाला आपला समाज सर्वांत जुना ठरवायचा असतो, कुणाला एखाद्या महाकाव्यातली नगरी सापडायला हवी असते. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळालेल्या डीएनएवरचा शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्यातले एक प्रमुख संशोधक. एका व्यक्तीचा नमुना, आणि त्याच्यावर आर्य कुठून आले याचे परस्परविरोधी निकाल आठवडाभरात वाहिन्यांवर लागले. तात्पुरत्या करारावरचा संशोधक अशा वादात ठाम उभा राहील, ही अपेक्षा अवास्तव आहे. नोकरी पक्की असलेला माणूस ‘एवढ्यावरून सांगता येत नाही’ असं म्हणू शकतो.

हे बदल होईपर्यंत या वाटेला जाऊ पाहणाऱ्यांनी काय करावं? पदवीला प्रवेश घेण्याआधी एखाद्या उत्खननावर थोडे दिवस काढावेत; डिसेंबर-जानेवारीच्या हंगामात स्वयंसेवकांना कुठे ना कुठे संधी मिळते. खापरं धुण्याचा कंटाळा आला, तर वेळीच कळलेलं बरं. दुसरं, हातात एक पक्कं कौशल्य असावं. नकाशे आणि जीआयएस, त्रिमितीय छायाचित्रण, चुना आणि दगडाचं रसायन, हाडांचा अभ्यास, ब्राह्मी आणि प्राकृत किंवा मोडी वाचन, यांपैकी काहीही. अशा माणसाला वस्तुसंग्रहालयं, संवर्धन वास्तुविशारद, अभिलेखागारं, माहितीपट करणारे सगळेच शोधत असतात. नुसत्या पदवीवर विसंबून राहिलेल्यांची वाट मात्र खडतर आहे, हे त्यांना आधीच सांगायला हवं.

राज्य सरकारकडे मागणी मोठी नाही. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्याला एक पुरातत्त्व अधिकारी आणि त्याच्या हाताखाली दोन सर्वेक्षक मिळाले, तरी शंभरावर कायम पदं होतात. गडकिल्ले आणि स्मारकांसाठी जिल्हा वार्षिक योजनेतला तीन टक्क्यांपर्यंत निधी राखायचं धोरण राज्यानं स्वीकारलेलंच आहे. त्यातला काही वाटा दगड-चुन्याऐवजी माणसांवर खर्च करायची मुभा दिली, तर सुरुवातीला नवा पैसाही फारसा लागणार नाही. या अधिकाऱ्यानं पहिल्या दोन वर्षांत उत्खननाच्या फंदात पडूच नये. तालुकावार फिरून प्रत्येक पांढर, लेणं, वीरगळ, बारव आणि कातळशिल्प यांची गट क्रमांकासह यादी करावी आणि ती तहसीलदाराकडे द्यावी. मग त्या गटाच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात तशी नोंद पडावी, म्हणजे मुरूम-मातीचा परवाना मागायला कुणी आलं, तर तलाठ्याला ती समोरच दिसेल.